पिवळ्या नळीतली हवा : घोडा-ट्रेलरच्या ब्रेक व्हॉल्व्हवरील प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

एका घोड्याची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिन-गाडीची, तक्रार दीड महिन्यात चौथ्यांदा वहीत चढली आहे. न्हावा शेव्याहून भरलेला कंटेनर घेऊन कळंबोलीला पोहोचेपर्यंत ट्रेलरच्या चाकांचे ड्रम हात लावू देत नाहीत आणि लायनर, म्हणजे ड्रमला घासून ब्रेक लावणारी पट्टी, जळाल्याचा वास येतो. पहिल्या खेपेस आम्ही ट्रेलरचे, लायनर ड्रमपासून किती दूर राहावे हे ठरवणारे, स्लॅक अ‍ॅडजस्टर ढिले केले. दुसऱ्या खेपेस आरईव्ही, म्हणजे रिले इमर्जन्सी व्हॉल्व्ह, बदलला. तिसऱ्या खेपेस नवा व्हॉल्व्हच सदोष निघाला असेल असे गृहीत धरून आणखी एक नवा बसवला. तिन्ही वेळा गाडी अंगणातून नीट बाहेर पडली आणि तिन्ही वेळा तापून परत आली.

यातले कोणतेही काम मोजमाप घेऊन झालेले नाही, ही माझी स्वतःची चूक आहे, कारण देखभालीची वही माझ्या सहीने पुढे जाते. ब्रेकची हवा कोणत्या वाटेने जाते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ती परत कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे विचारल्यावर मात्र आज चहाच्या वेळी कोणालाही सलग सांगता आले नाही. त्यामुळे घोडा आणि ट्रेलर यांची संपूर्ण ब्रेक यंत्रणा आठ फूट बाय चार फूट प्लायवुडच्या फळीवर चालू स्थितीत मांडायची असे ठरवले आहे. काम रविवारी करावयाचे, सोबत आमचे मिस्त्री आणि आयटीआयमधून आलेले दोन शिकाऊ मुलगे.

९ जून, रविवार

भंगारातून आणि शेल्फवरून पुढील सामान निघाले: पायाखालचा दुहेरी ब्रेक व्हॉल्व्ह, हँडब्रेक व्हॉल्व्ह, ट्रेलर कंट्रोल व्हॉल्व्ह, एक साधा रिले, तक्रारीच्या गाडीवरून उतरवलेले दोन्ही आरईव्ही, चार ब्रेक चेंबर (हवा भरली की दांडा ढकलून ब्रेक लावणारे डबे), हवेच्या तीन टाक्या आणि पाम कपलिंगच्या (घोड्याची नळी ट्रेलरच्या नळीला जोडणाऱ्या तोंडांच्या) दोन जोड्या. हवा टायरच्या कॉम्प्रेसरमधून घेऊ. स्प्रिंग असलेला पार्किंग चेंबर फळीवर घेताना त्याचा केजिंग बोल्ट, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून धरणारा बोल्ट, आधी पूर्ण आवळून घेतला, आणि त्याची मागची कडी उघडायची नाही हे मुलांना दोनदा बजावले, कारण आत दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते.

व्हॉल्व्हच्या अंगावर ओतीव आकडे असतात, त्यांच्याकडे आजवर आम्ही फारसे लक्ष दिले नव्हते. १ म्हणजे हवा आत येण्याची वाट, २ म्हणजे पुढे जाण्याची, ३ म्हणजे वातावरणात सुटण्याची आणि ४ म्हणजे केवळ हुकूम पोहोचवणारी. दोन आकडे असतील तर दुसरा आकडा सर्किटचा, म्हणजे हवेच्या स्वतंत्र मार्गाचा, क्रमांक असतो: २१ म्हणजे पहिल्या सर्किटची बाहेर जाणारी वाट, ४२ म्हणजे दुसऱ्या सर्किटचा हुकूम. मिस्त्रींनी बावीस वर्षे हे आकडे पाहिले होते आणि नळ्या रंगावरून नि वाकावरून लावल्या होत्या. त्यांनी घासून पुसून सगळे आकडे पांढऱ्या रंगाने भरून घेतले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

१६ जून, रविवार

पायाचा व्हॉल्व्ह उघडला. ही नोंद जरा लांबेल, कारण पुढच्या सगळ्या व्हॉल्व्हची किल्ली यातच आहे.

सर्क्लिप काढली की वरून रबराची जाड स्प्रिंग, तिच्याखाली पिस्टन आणि पिस्टनच्या खाली एक पोकळ झडप अशी रचना दिसते. पेडल दाबले की रबरी स्प्रिंग पिस्टनला खाली ढकलते. पिस्टनचे टोक प्रथम पोकळ झडपेवर बसते आणि हवा सुटण्याची वाट बंद होते, त्यानंतर आणखी थोडे खाली गेल्यावर तीच झडप आपल्या बैठकीवरून उठते आणि टाकीची हवा चाकांकडे धावते. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचे महत्त्वाचे असे की चाकांकडे गेलेली हवा त्याच पिस्टनच्या खालच्या बाजूलाही पोहोचते आणि त्याला वर ढकलू लागते. हवेचा दाब पायाच्या दाबाइतका झाला की पिस्टन किंचित वर सरकतो, आत येणारी वाट बंद होते, पण बाहेर सुटणारी अजून उघडलेली नसते. दोन्ही वाटा बंद असलेली ही समतोलाची स्थिती आली की चाकांवरचा दाब तिथेच थांबतो. पाय थोडा उचलला तर तेवढीच हवा ३ क्रमांकाच्या वाटेने सुटते आणि पुन्हा समतोल साधतो. पेडल म्हणजे नळाची तोटी नव्हे, ते दाबाचे माप आहे. पाय वारंवार मारत बसलेला चालक प्रत्येक वेळी मोजून दिलेली हवा वाया घालवत असतो.

खालचा दुसरा पिस्टन सामान्यतः वरच्या सर्किटच्या हवेने हलतो, आणि वरचे सर्किट फुटले तर वरच्या पिस्टनचा दांडा त्याला थेट ढकलतो. धाकट्या शिकाऊ मुलाने उघडी झडप तळहातावर धरून अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारले, “साहेब, मग दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या कधीच नसतात?” निरोगी व्हॉल्व्हमध्ये त्या तशा राहत नाहीत. बैठकीवर खडा, गंज किंवा चिरा पडलेले रबर आले की राहतात, आणि तेव्हा ३ क्रमांकाच्या तोंडाशी हात धरला की झुळूक लागते.

२३ जून, रविवार

पाऊस जोरात असल्याने शटर अर्धे ओढून काम केले. घोडा आणि ट्रेलर यांमधल्या दोन नळ्या आज जोडल्या.

लाल नळीत हवा नेहमी भरलेली असते. तिचे काम ट्रेलरची टाकी भरणे आणि भरलेली ठेवणे. पिवळी नळी एरवी रिकामी असते. पाय पेडलवर पडला की पायाने मोजलेला दाब तिच्यातून ट्रेलरला कळतो. मोठ्या शिकाऊ मुलाने मोबाइलवर पाहिलेल्या अमेरिकी चित्रफितीत हुकुमाची नळी निळी होती आणि डॅशबोर्डवर एक लाल अष्टकोनी आणि एक पिवळी चौकट असलेली अशा दोन खुंट्या होत्या, त्यामुळे त्याचा गोंधळ झाला होता. तिकडची मांडणी वेगळी आहे. लाल खुंटी दाबली की ट्रेलरला हवा मिळते, आणि दाब २० ते ४५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंचाच्या) दरम्यान उतरला की ती आपोआप बाहेर उडून घोड्याची उरलेली हवा वाचवते. पिवळी खुंटी पार्किंगची आहे. आपल्याकडे पिवळा रंग हुकुमाच्या नळीचा असल्याने, ते चित्र पाहून जोडणी करू नये असे मी फळीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले.

नंतर मुद्दाम दोन्ही नळ्या उलट्या जोडल्या. पाम कपलिंगची रचना अशी असते की लाल आणि पिवळे एकमेकांत बसू नये, परंतु झिजलेली आणि हातोडीने “जुळवून घेतलेली” कपलिंग बसतात. उलट जोडणीत सतत भरलेली हवा ट्रेलरच्या हुकुमाच्या तोंडावर जाऊन बसते आणि टाकीला मात्र काहीच मिळत नाही. ट्रेलरला स्प्रिंगचे चेंबर, म्हणजे हवा नसताना स्प्रिंगच्या जोराने ब्रेक धरून ठेवणारे, असतील तर चाके सुटत नाहीत आणि चूक जागच्या जागी उघड होते. जुन्या ट्रेलरला तसे चेंबर नसतील आणि टाकी रिकामी असेल, तर चाके मोकळी फिरतात, गाडी सहज निघते आणि ट्रेलरला ब्रेकच नसतो. म्हणजे दोहोंपैकी वाईट चूक शांत राहते. फळीवर ही स्थिती आली तेव्हा कसलाही आवाज झाला नाही, चेंबरचा दांडा हलला नाही, आणि मुले व्हॉल्व्ह खराब आहे म्हणून तो बदलायला निघाली.

३० जून, रविवार

रिले कशासाठी, याचे गणित खडूने मांडले. ३० क्रमांकाच्या चेंबरच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३० चौरस इंच, म्हणजे सुमारे १९४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो, म्हणजे आमच्या भाषेत ६ किलो दाबाला, दांड्यावर अकराशे किलोहून अधिक जोर येतो. दांडा ४० मिलिमीटर सरकला तर एका चेंबरमध्ये पाऊण लिटरहून थोडी जास्त जागा भरावी लागते. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला सहा चेंबर, आणि ६ किलो दाबापर्यंत भरायला साधारण ३० लिटर मोकळी हवा लागते. ही सगळी हवा चालकाच्या पायाखालच्या व्हॉल्व्हमधून, चाळीस फुटी ट्रेलरच्या लांबीभर पसरलेल्या बारीक नळीतून पाठवायची म्हटले तर मागची चाके फार उशिरा धरतील. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते, त्यामुळे अर्धा सेकंद म्हणजे सव्वाआठ मीटर.

रिले हा उशीर तोडतो. पिवळ्या नळीतून फक्त चिमूटभर हवा हुकूम म्हणून येते, रिलेचा पिस्टन ती झेलतो आणि चाकांच्या जवळ असलेल्या टाकीची हवा, हुकुमाइतकाच दाब होईपर्यंत, चेंबरमध्ये सोडतो. आत पाहिले तर पुन्हा तोच पिस्टन, तीच पोकळ झडप, तोच समतोल. पायाच्या जागी हवा आहे एवढाच फरक. ब्रेक सोडतानाही रिलेचा तेवढाच उपयोग आहे, कारण चेंबरची हवा पुन्हा घोड्यापर्यंत परत न जाता जागेवरच्या ३ क्रमांकाच्या तोंडातून सुटते. गाडी थांबल्यावर मागे ऐकू येणारा मोठा “फुस्स” हा तिचा.

७ जुलै, रविवार

गाडीवरून उतरवलेले दोन्ही आरईव्ही फळीवर लावून तपासले. दोन्ही निर्दोष निघाले. किंमत लिहीत नाही. मालकांनी ती लेखापालाकडून आधीच विचारून घेतली आहे.

आरईव्ही हा रिलेच आहे, पण त्याच्या पोटात एक जास्तीचा पिस्टन असतो. लाल नळीतली हवा एकेरी झडपेतून ट्रेलरच्या टाकीत जाते, आणि लाल नळीतला दाब कोसळला की हा पिस्टन सरकून टाकीची सगळी हवा चेंबरकडे वळवतो. नळी तुटली, कपलिंग निसटले किंवा कोणी मुद्दाम सोडवले, तरी ट्रेलर स्वतःला धरून ठेवतो. हवा गेली की ब्रेक लागला पाहिजे, हा विचार रेल्वेतून आलेला आहे; जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये सरळ हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १८७२ मध्ये दाब उतरल्यावर लागणारा स्वयंचलित ब्रेक आणला. आपण त्यांच्याच वाटेवर आहोत.

लाल कपलिंग ओढून काढले तेव्हा चारही दांडे एकदम बाहेर आले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी फळी तशीच ठेवून दुपारचे जेवण उरकायला सांगितले. परत आलो तेव्हा टाकीचा काटा ६ वरून ४ वर आला होता आणि संध्याकाळी दांडे आत गेलेले होते. यार्डात सोडून ठेवलेला, स्प्रिंगचे चेंबर नसलेला ट्रेलर रात्रभरात असाच मोकळा होतो. चाकाला लाकडी गुटका लावा असे आम्ही चालकांना सांगतो, पण का लावायचा हे त्यांना आजवर काट्यावर दाखवले नव्हते.

१३ जुलै, शनिवार

टाक्यांचे ड्रेन उघडले. पावसाळी हवेतली वाफ आणि कॉम्प्रेसरचे तेल मिळून वाटीभर दुधाळ पाणी निघाले. एअर ड्रायरचा डबा बदलण्याची तारीख वहीत टाकली.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

मिस्त्रींचा उपवास होता, तरी आज तेच सर्वांत जास्त वेळ थांबले. ट्रेलर कंट्रोल व्हॉल्व्ह फळीवर चढला.

या व्हॉल्व्हला तीन हुकूम मिळतात. ४१ आणि ४२ हे पायाच्या व्हॉल्व्हच्या दोन सर्किटांकडून येतात, आणि त्यांपैकी एक मेला तरी दुसऱ्याने पिवळी नळी भरते. तिसरा ४३, हँडब्रेककडून येतो, आणि तो उलटा चालतो. हँडब्रेक सोडलेला असताना ४३ वर पूर्ण दाब असतो आणि पिवळी नळी रिकामी राहते. हँडब्रेक ओढला की घोड्याच्या स्प्रिंग चेंबरमधली हवा सुटते, तिच्याबरोबर ४३ वरचा दाबही उतरतो, आणि जसजसा तो उतरतो तसतशी पिवळी नळी भरत जाते. म्हणजे घोडा हवा जाऊन धरतो आणि ट्रेलर हवा येऊन धरतो, आणि दोघांना एकच मूठ चालवते.

४१, ४२ आणि ४३ वर वेगवेगळे मीटर लावले, पिवळ्या नळीवर चौथा. हँडब्रेकची मूठ अगदी सावकाश ओढली. ४३ चा काटा ८ वरून खाली येऊ लागला आणि काही अंतर गेल्यावर पिवळ्याचा काटा शून्यावरून हलला. तेव्हा धाकटा मुलगा सहज म्हणाला की, मूठ पूर्ण सोडलेली असूनही ४३ पर्यंत पूर्ण हवा पोहोचली नाही, तर ट्रेलरला हँडब्रेक थोडासा ओढल्यासारखेच वाटेल. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. तक्रारीच्या गाडीवर ४३ कोणीही मोजला नव्हता.

२१ जुलै, रविवार

गाडी अंगणात, कंटेनर उतरवलेला, चाकांना गुटके. डॅशबोर्डवरचा काटा पावणेआठ किलो दाखवत होता, हँडब्रेक सोडला. ४३ वर मीटरने ५.६ दाखवले. पिवळ्या पाम कपलिंगवर चाचणीचे मीटर लावले, ०.६. पाय पेडलवर नव्हता.

सहा दशांश किलो हा दाब फार नव्हे, पण पडद्यामागची परतीची स्प्रिंग दबून लायनर ड्रमला टेकायला तेवढा पुरतो. रिकाम्या गाडीत चालकाला जाणवत नाही, कारण घोडा ताकदवान आहे आणि घोड्याची स्वतःची चाके ५.६ वर सुटलेली असतात. डॅशबोर्डवरचा काटाही खोटे बोलत नाही; तो टाकीचा दाब दाखवतो, हँडब्रेकच्या पुढच्या नळीचा नाही. साबणाचे पाणी सगळीकडे फिरवले, एकही बुडबुडा आला नाही. गळती नव्हतीच.

आमच्या पहिल्या उपायाचे खरे मोलही आज कळले. स्लॅक ढिले केल्यावर लायनर ड्रमपासून दूर गेले, त्यामुळे दोन फेऱ्या ड्रम कमी तापले आणि आम्ही समाधान मानले. परंतु दांड्याची धाव वाढली, आणि खरोखर ब्रेक मारायची वेळ आली असती तेव्हा ट्रेलर कमी धरला असता. खंडाळ्याचा घाट उतरणारी गाडी आम्ही आमच्याच हातांनी कमजोर करून पाठवली होती. सगळ्या चाकांचे स्लॅक आज पुन्हा मापात आणले.

२२ जुलै, सोमवार

हँडब्रेक व्हॉल्व्ह उघडला. मुठीखालचा कॅम, म्हणजे मूठ फिरली की आतल्या स्प्रिंगला दाबणारा उंचवटा, एका कडेला झिजून चमकत होता. नव्या किटमधल्या कॅमशी ताडून पाहिला तर कडेची उंची नखाने कळावी इतकी कमी होती. मूठ पूर्ण सोडलेल्या जागी जात होती, पण कॅम आतल्या स्प्रिंगला पुरेसा दाबत नव्हता, म्हणून व्हॉल्व्ह ५.६ वरच समतोलाला येऊन आत येणारी वाट मिटवून घेत होता. १६ जूनच्या नोंदीतला तोच समतोल, फक्त चुकीच्या आकड्यावर. व्हॉल्व्ह आपले काम चोख करत होता, त्याला माप चुकीचे मिळत होते. म्हणूनच आवाज नव्हता.

नवा कॅम, नवे ओ-रिंग. ४३ वर ७.७, पिवळ्यावर शून्य.

२८ जुलै, रविवार

गाडी आठवडाभरात न्हावा शेव्याच्या चार फेऱ्या करून आली. आल्याबरोबर ड्रमवर हात ठेवता येतो. एक ड्रम इतरांपेक्षा थोडा गरम लागला, त्याच्या चेंबरची परतीची स्प्रिंग बदलली.

उरलेल्या वेळात फळीवर पिवळी नळी तुटल्याचा प्रसंग करून पाहिला. पिवळ्या नळीत एरवी हवाच नसते, त्यामुळे ती तुटली तर कळते कसे, हा प्रश्न मलाही बरेच दिवस होता. कंट्रोल व्हॉल्व्हच्या आत त्याची सोय आहे: पाय दाबला पण पिवळ्याचा दाब चढत नाही असे झाले की आतला एक पिस्टन घोड्याकडून येणाऱ्या हवेची वाट आवळतो, आणि लाल नळीतली हवा त्याच तुटक्या पिवळ्या वाटेने बाहेर धावते. लाल नळी रिकामी झाली की आरईव्हीचा तो दुसरा पिस्टन जागा होतो. युरोपीय नियमाप्रमाणे पेडल पूर्ण दाबल्यापासून दोन सेकंदांत लाल नळीतला दाब १.५ बारपर्यंत (एक बार म्हणजे जवळपास एक किलो) उतरायला हवा. आमच्या फळीवर मोबाइलच्या घड्याळाने दीड सेकंदाच्या आसपास लागले. फळीवरच्या नळ्या आखूड आहेत, म्हणून या आकड्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. चेंबरचे दांडे बाहेर आले तेव्हा पेडलवर पाय होता आणि ट्रेलरपर्यंत हुकुमाचा एकही श्वास पोहोचलेला नव्हता.

४ ऑगस्ट, रविवार

फळी पाहायला अकरा चालक आले. सर्वांत ज्येष्ठ चालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, पंधरा मिनिटे हाताची घडी घालून मागे उभे होते. त्यांना पुढे बोलावून जुना झिजलेला कॅम मुद्दाम व्हॉल्व्हमध्ये परत बसवला आणि मीटर कापडाने झाकून विचारले की, या गाडीत दोष कुठे आहे. काकांनी पेडल दाबले, सोडले, लाल कपलिंग ओढून पाहिले, पुन्हा लावले. मग पिवळे कपलिंग सोडवून त्याच्या तोंडावर आपला ओला अंगठा धरला.

“हवा येतेय,” ते म्हणाले. “पाय तर माझा वर आहे.”

मीटरवरचे कापड काढले. काट्यावर ०.५ होता. प्रत्येक घोड्याच्या पिवळ्या कपलिंगला चाचणीचे तोंड बसवण्याचे काम उद्यापासून सुरू होते. पहिली गाडी तक्रारीचीच.